पाट्या वाचत दोहा

दोह्याच्या हमद विमानतळावर विमानातून उतरून चालू लागलं की डोक्यावर आगमनाची पाटी दिसते. इंग्रजीसोबत तिच्यावर अरबीत लिहिलेलं असतं, 'अल्-वुसूल'. वुसूल म्हणजे येऊन पोचणं. आपला 'वसूल' तो हाच. पैसा आपल्या हाती येऊन पोचला की आपण म्हणतो वसूल झाला. अरबीत माणूस मुक्कामी पोचला की वुसूल. कतारमध्ये राहायला गेल्यावर पहिल्या वर्षात ही पाटी मी कितीदा तरी पाहिली असेल, पण वाचली नव्हती. अक्षरओळख झाल्यानंतर एकदा सुट्टीहून परतताना ती वाचली आणि जागच्या जागी उभी राहिले. आपल्या गावच्या माणसानं परक्या स्टेशनवर नावानं हाक मारावी, तसं झालं.

त्या दिवसापासून मी दोहा पाट्या वाचत पाहिलं. या शहरात पाहण्याजोगं पुष्कळसं विनामूल्य आहे, आणि ते पायी पाहता पाहता अरबीचा पाया पक्का होतो. मराठी माणसाचा तर फार लवकर होतो, कारण निम्मे शब्द त्याच्या तोंडात आधीच असतात. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून, मुंबई-पुण्यातून आखातात जाणारे हजारो लोक वर्षानुवर्षं तिथं राहतात आणि अरबी न शिकताच परततात. हिंदी, मल्याळी, इंग्रजीवर सगळं निभावतं हे खरं. पण हाताशी आलेली एक मोठी भाषा तशीच सोडून यावी, याची मला मनापासून हळहळ वाटते.

हे शब्द आपल्याकडे आले ते फारसीच्या वाटेनं. चौदाव्या शतकात बहमनी राज्य आलं, मागून निजामशाही, आदिलशाही आली. दरबाराची भाषा फारसी होती आणि फारसीच्या पोटात अरबी होती. जिल्हा, तालुका, वकील, अर्ज, हुकूम, हिशोब, इनाम, रयत हे शब्द कचेरीतून गावात उतरले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. काही रुजले, पण कचेरीबाहेर पडून स्वयंपाकघरात आणि अंगणात जाऊन बसलेले शब्द हलले नाहीत. खुर्ची म्हणजे अरबी कुर्सी, साबण म्हणजे साबून, कुलूप म्हणजे कुफ्ल (बोलता बोलता त्यातल्या अक्षरांची अदलाबदल झाली आहे), दुकान म्हणजे दुक्कान, हौद म्हणजे हौद. 'खलास' तर दोह्यात दिवसातून पन्नासदा कानावर पडतो आणि अर्थही तोच, संपलं.

अरबी लिपीची धास्ती घेण्याचं कारण नाही. अक्षरं अठ्ठावीस. लिहायचं उजवीकडून डावीकडे. एकाच घडणीची अक्षरं ठिपक्यांनी वेगळी होतात: छोट्या होडीसारख्या अक्षराखाली एक ठिपका दिला की 'ब', वर दोन दिले की 'त', तीन दिले की 'स'च्या जवळचा एक उच्चार. शब्दात अक्षरं एकमेकांना जोडली जातात आणि जोडताना आकार थोडे बदलतात. फक्त सहा अक्षरं पुढच्या अक्षराला हात देत नाहीत. ज्यांनी मोडी गिरवली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मोडीतही हात न उचलता लिहायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द संदर्भानं ओळखायचा. अरबी त्याच्या एक पाऊल पुढे जाते, ऱ्हस्व स्वर लिहीतच नाही. 'कतर' या देशनावात लिहिली जातात ती तीन व्यंजनं, स्वर वाचणाऱ्यानं भरायचे. सुरुवातीला हे अशक्य वाटतं. महिनाभरात डोळा सरावतो, कारण अरबी शब्द ठरावीक साच्यांतून बनतात आणि साचा ओळखला की स्वर आपोआप सुचतात.

या साच्यांचं गमक मेट्रोत सापडतं. दोह्याची मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली. साध्या डब्यातला एक प्रवास दोन रियालांत होतो, म्हणजे ती फुकट नाही. पण स्टेशनापासून घराजवळ नेणाऱ्या जोडबस आणि मुशैरिब भागातली ट्रॅम यांना तिकीट नाही. दारांवरच्या पाट्या पाहा. आत जायच्या दारावर 'दुखूल', बाहेर पडायच्या दारावर 'खुरूज'. दुखूलची मूळ अक्षरं द-ख-ल. शाळेत मूल दाखल होतं ते याच मुळातून, आणि त्यासाठी लागणारा दाखलाही. खुरूजची मूळ अक्षरं ख-र-ज, म्हणजे बाहेर पडणं. खिशातून बाहेर पडतो तो खर्च. अरबीतल्या बहुतेक शब्दांच्या तळाशी अशी तीन व्यंजनं असतात आणि त्यांच्या मागेपुढे, आत स्वर आणि एखाददुसरं अक्षर घालून शब्दांचं अख्खं घराणं उभं राहतं. स्थळ दाखवायचं असेल तर पुढे 'म' लागतो: मद्खल म्हणजे प्रवेशद्वार, मख्रज म्हणजे बाहेरचा रस्ता. 'मम्नूअ' ही पाटी सगळीकडे असते, म-न-अ या मुळाची. आपली मनाई तिचीच बहीण. दुकानाच्या काचेवर 'मफ्तूह' म्हणजे उघडं, मूळ फ-त-ह, उघडणं. गड उघडला, सर झाला, की फत्ते. एक मूळ धरलं की पाच-सात शब्द एकदम हाताला लागतात, आणि मराठी माणसाला त्यातला एखादा बहुधा आधीच ठाऊक असतो.

अर्थ मात्र वाटेत बदललेले असतात, तिथं जपून राहावं. 'गरीब' म्हणजे अरबीत परका, विलक्षण. पैसे नसलेला तो फकीर. 'रकम' म्हणजे क्रमांक. फोनचा रकम विचारला तर पैशांचा विषय नाही. 'तारीख' म्हणजे दिनांकही आणि इतिहासही. 'दफ्तर' म्हणजे वही.

शहराच्या नावापासून उच्चाराचा एक नियम शिकता येतो. दोह्याचं अरबी नाव 'अल्-दौहा' असं लिहितात, पण बोलताना 'अद्-दौहा' म्हणतात. 'अल्' हे निश्चिती दाखवणारं उपपद. त्याच्या पुढे द, त, र, स, श, न यांसारखं, जिभेचं टोक पुढे नेऊन उच्चारायचं अक्षर आलं की त्यातला 'ल' विरघळतो आणि पुढचं अक्षर दुप्पट होतं. अशा चौदा अक्षरांना सूर्याक्षरं म्हणतात, उरलेल्या चौदांना चंद्राक्षरं. कारण सूर्य, म्हणजे 'शम्स', 'अश्-शम्स' होतो आणि चंद्र, 'कमर', 'अल्-कमर'च राहतो.

आता सूक वाकिफला चला. नवख्या माणसाला मी पहिल्यांदा तिथंच नेते. सूक म्हणजे बाजार, वाकिफ म्हणजे उभा. पूर्वी इथं ओहोळाचं आणि भरतीचं पाणी घुसायचं, दुकानं मांडून बसता यायचं नाही, व्यापारी उभ्यानंच माल विकायचे, असं या नावामागचं कारण सांगतात. व-क-फ म्हणजे थांबणं, उभं राहणं. बाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेवर 'मौकिफ' अशी पाटी आहे. आपल्याकडे शिक्षा किंवा चौकशी थांबवली की ती मोकूफ होते. २००३ मध्ये बाजाराला मोठी आग लागली. त्यानंतर जुन्या धाटणीनं तो पुन्हा बांधला: मातीच्या गिलाव्याच्या जाड भिंती, बाहेर डोकावणारी लाकडी तुळयांची टोकं, सावलीच्या अरुंद गल्ल्या. नवेपणा कळतो, पण तो मला खटकत नाही, कारण बाजार खरा आहे. मसाल्यांची पोती, भांडी, चपला, पक्ष्यांचे पिंजरे, लग्नाची खरेदी करणारी स्थानिक कुटुंबं, सगळं नेहमीच्या वापरातलं.

गल्लीतून तांबड्या बंडीतली वयस्कर माणसं एकचाकी ढकलगाडी घेऊन जाताना दिसतात. गिऱ्हाइकाचं सामान त्यात घालून ते गाडीपर्यंत पोचवतात. त्यांना काय म्हणतात? हमाली. ह-म-ल, म्हणजे ओझं वाहणं. पुण्याच्या मार्केट यार्डात आणि दोह्याच्या बाजारात एकाच कामाला एकच शब्द आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या आजोबांच्या गाडीत उगाचच दोन पिशव्या ठेवल्या आणि बरोबर चालत गेले.

याच बाजारात एका मसालेवाल्या काकांनी मला अरबी 'ह' शिकवला. अरबीत ह दोन आहेत. एक आपल्यासारखा हलका, दुसरा घशातून घासून येणारा. त्या दुसऱ्या 'ह'नं माझं कित्येक महिने अडलं होतं. 'या अम्मी' अशी त्यांना हाक मारली. (अम्म म्हणजे चुलता, 'या अम्मी' म्हणजे 'अहो काका'. आपल्या कानाला ते आईसारखं ऐकू येतं.) मी 'मरहबा' म्हटलं, त्यांनी मान हलवली. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला, काच तोंडाजवळ धरली आणि पुसण्याआधी आपण वाफ सोडतो तशी वाफ सोडली. "हाच तो," ते म्हणाले. मी माझ्या चष्म्यावर तसंच केलं. काच धुरकटली, आणि ह जमला.

त्यांच्याकडच्या पोत्यांवरची नावंही वाचण्याजोगी. 'हील' म्हणजे वेलदोडा, संस्कृत एलेशी नातं सांगणारा. 'फिल्फिल' म्हणजे मिरी, पिप्पलीवरून गेलेला शब्द. 'नारजील' म्हणजे नारळ. चिंचेला म्हणतात 'तम्र हिंदी', हिंदुस्थानचा खजूर. देवाणघेवाण एकतर्फी कधीच नव्हती.

भाव विचारायचा तर 'बिकम?' असं विचारावं. काका म्हणाले, "खम्सा व सब्ईन." म्हणजे पाच आणि सत्तर, पंच्याहत्तर. अरबीत एकक आधी आणि दशक नंतर. इंग्रजीवर वाढलेल्यांना हे उलटं वाटतं. आपण पंच्याहत्तर म्हणताना आधी पाच आणि मग सत्तर असंच म्हणतो, त्यामुळे हिशोब डोक्यात सरळ बसतो. आणि मला तर त्या क्षणी वेगळंच आठवलं. पुण्यात मोडी शिकत असताना पेशवेकालीन कागदांवर शुहूर सन वाचला होता. मृग नक्षत्रापासून सुरू होणाऱ्या या सनाचे आकडे मराठी कागदांत अरबी शब्दांनी लिहीत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर, शंभराला मया, हजाराला अलफ. पानिपतची लढाई झाली ते वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७६० किंवा १७६१ निघतो. आपल्या कारकुनांनी शतकानुशतकं टाकाच्या टोकावर खेळवलेले हे शब्द दोह्याच्या बाजारात आजही वेलदोड्याचा भाव सांगतात. 'व' सुद्धा तोच आहे. अरबीत 'आणि'ला 'व' म्हणतात.

आकडे पाठ झाले की आठवड्याचे पाच वार न शिकता येतात. रविवार म्हणजे 'अल्-अहद', पहिला. सोमवार 'इस्नैन', दोन, मंगळवार 'सुलासा', बुधवार 'अर्बिआ', गुरुवार 'खमीस'. शुक्रवार 'जुम्आ', एकत्र जमण्याचा दिवस, आपल्या जमा आणि जमातीच्या मुळातला. शनिवार 'सब्त'. लिहिलेले अंक मात्र वेगळे शिकावे लागतात. अरब लोक त्यांना 'हिंदी अंक' म्हणतात. शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच म्हणजे वर्तुळ, सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. पाचाला शून्य समजण्याची चूक नवखा माणूस हमखास करतो, तेव्हा किमती वाचताना हे आधी घोटून घ्या. मजकूर उजवीकडून डावीकडे जात असला तरी संख्या डावीकडून उजवीकडेच लिहितात.

बाजाराच्या एका अंगाला ससाण्यांचा सूक आहे, शेजारी त्यांचं रुग्णालयही. हिरवळीच्या पट्ट्यावर रोवलेल्या खुंट्यांवर डोळ्यांवर चामडी टोपी चढवलेले ससाणे ओळीनं बसलेले असतात. आत जाऊन पाहायला कोणी अडवत नाही. हात लावण्याआधी विचारावं.

सूकमधून फनारचा पिळदार मिनार दिसतो. इथल्या इस्लामी संस्कृती केंद्रात अरबी न येणाऱ्यांसाठी अरबीचे विनामूल्य वर्ग चालतात. कोणत्याही धर्माच्या माणसाला शिकता येतं. उच्चार घटवून घ्यायला समोर शिक्षक हवाच, म्हणून ज्यांचा मुक्काम लांबचा आहे त्यांनी ही संधी सोडू नये असं मी आग्रहानं सांगेन.

दहा मिनिटांच्या अंतरावर मुशैरिबची चार जुनी घरं आहेत. २०१५ पासून ती संग्रहालयं झाली आणि प्रवेश विनामूल्य आहे. दोह्यात एकच ठिकाण पाहायला सवड असेल तर हे पाहा. बिन जल्मूद हाउस हे हिंदी महासागरातल्या गुलामीच्या व्यापाराचं संग्रहालय आहे. कतारमध्ये गुलामी १९५२ मध्ये कायद्यानं संपली. एका श्रीमंत देशानं स्वतःच्या त्या भूतकाळाला राजधानीच्या मध्यभागी घर दिलं आहे, याची मी कदर करते. कंपनी हाउसमध्ये तेलाच्या पहिल्या कामगारांची कहाणी आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या दुखान इथं १९३९ च्या सुमारास तेल लागलं, महायुद्धानं काम थांबलं आणि निर्यात १९४९ च्या अखेरीस सुरू झाली. दुखान म्हणजे धूर. 'मम्नूअ अत्-तद्खीन', धूम्रपानास मनाई, या पाटीतही तोच शब्द आहे.

तेलाच्या आधी हा देश मोत्यांवर जगत होता. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने होड्या समुद्रात असत, पाणबुडे श्वास रोखून तळाशी जात. होडीचा प्रमुख 'नोखदा'. हा फारसी नाखुदा, कोकणातला आपला नाखवा. या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. जपानी संवर्धित मोती आले आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हा धंदा बसला. पण मुंबईचं नातं पैशात टिकून राहिलं. आखातात भारतीय रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खास तिकडच्या वापरासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतारनं रुपया सोडला. आखाती बोलीत पैशांना 'बेझात' म्हणतात, तो आपला पैसाच.

संध्याकाळ समुद्रकाठी घालवावी. कॉर्निश हा सुमारे सात किलोमीटरचा अर्धवर्तुळाकार किनारा आहे. एका बाजूला लाकडी होड्या डुलत असतात, पलीकडे वेस्ट बेच्या उंच इमारती. इमारतीला 'इमारा' आणि मनोऱ्याला 'बुर्ज' म्हणतात. अनेकवचन 'बुरूज', तेच आपण गडावर एकवचन म्हणून वापरतो. लाटेला अरबीत 'मौज' म्हणतात. मनाची लाट ती आपली मौज. इस्लामी कला संग्रहालयाची वास्तू आय. एम. पेई यांनी घडवली, ती २००८ मध्ये खुली झाली. आतल्या दालनांसाठी पर्यटकांना तिकीट आहे, बाहेरचं उद्यान सर्वांना मोकळं. तिथल्या धक्क्याच्या टोकाला रिचर्ड सेरा यांचं '७' हे शिल्प आहे, सात पोलादी पत्रे एकमेकांना टेकून सुमारे चोवीस मीटर उंच उभे. त्याच्या आत उभं राहून वर पाहा. आभाळाचा सात कोनांचा तुकडा दिसतो.

कताराला, म्हणजे सांस्कृतिक ग्रामात, प्रवेश मोफत आहे. निळ्या फरशांची मशीद, पाच हजारांचं खुलं प्रेक्षागार, आणि मला सर्वांत आवडणारे कबुतरांचे मातीचे मनोरे, 'बुर्ज अल्-हमाम'. हमाम म्हणजे कबुतरं. म वर जोर देऊन 'हम्माम' म्हटलं की न्हाणीघर. एका अक्षराच्या द्वित्वानं अर्थ उलटापालटा होतो, हे कबुतरांनी मला कायमचं शिकवलं. तिथून 'करक' घेऊन किनाऱ्यावर बसावं. करक म्हणजे दुधाचा, उकळून दाट केलेला चहा. अरबीत 'ड' नाही, म्हणून आपला कडक त्यांच्याकडे करक झाला. 'प' नाही, म्हणून पेप्सीची बेब्सी. टॅक्सीवाल्याला सरळ जायला सांगायचं तर 'सीदा'. तोही आपल्याकडूनच गेलेला.

मेट्रोच्या हिरव्या मार्गावर दोन स्टेशनं शेजारीशेजारी आहेत आणि त्यांची नावं मी एका दमात वाचू शकले त्या दिवशी मला शिकल्यासारखं वाटलं. एक 'अल्-मदीना अत्-तालीमिय्या', म्हणजे शिक्षणनगरी. तालीम म्हणजे शिक्षण. आपण कोल्हापुरात ते कुस्तीला दिलं आणि नाटकात सरावाला. दुसरं 'मक्तबत कतर अल्-वतनिय्या', कतारचं राष्ट्रीय ग्रंथालय. क-त-ब म्हणजे लिहिणं. त्यातून किताब, कातिब म्हणजे लेखक, मक्तब म्हणजे कचेरी, मक्तबा म्हणजे ग्रंथालय. वतन म्हणजे देश, आपल्याकडे देशमुख-पाटलांची पिढीजात जमीन आणि हक्क. रेम कुल्हास यांच्या संस्थेनं रचलेली ही इमारत २०१८ मध्ये रीतसर खुली झाली. प्रवेश मोफत. आत एकही मजला दुसऱ्यापासून तोडलेला नाही. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी पुस्तकं एका नजरेत दिसतात, दहा लाखांहून अधिक. मधोमध जमिनीत खोल, उत्खननात उघड्या पडलेल्या अवशेषांसारखा दगडी भाग आहे, तिथं जुनी हस्तलिखितं आणि नकाशे आहेत. बालविभागात स्वरचिन्हं घातलेली अरबी चित्रपुस्तकं मिळतात. मोठ्या माणसानंही सुरुवात त्यांच्यापासून करावी, मी केली.

याच ग्रंथालयानं ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीनं २०१४ पासून आखाताचे जुने कागद इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. त्यात मुंबईचं नाव पानोपानी येतं, कारण आखाताचा ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. १८६८ मध्ये कतारचे प्रमुख मुहम्मद बिन सानी यांच्याशी करार करणारा रेसिडेंट लुइस पेली हा मुंबईलाच अहवाल पाठवत असे.

काही व्यावहारिक गोष्टी. नोव्हेंबर ते मार्च हेच पायी फिरायचे दिवस. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत बरंच काही बंद असतं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. अनोळखी माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणं-पिणं टाळा.

आणि भाषेबद्दल एक कळकळीचं सांगणं. आखातात कामगारांची एक मोडकी अरबी तयार झाली आहे: 'माफी मुश्किल', 'अना माफी मालूम'. तिनं काम भागतं, पण तिच्यावर थांबू नका. पूर्ण वाक्यात 'सबाह अल्-खैर' म्हणा, उत्तरादाखल 'सबाह अन्-नूर' येईल. शुभ सकाळ, आणि त्यावर प्रकाशाची सकाळ. पुस्तकी अरबी आणि कतारी बोली यांत अंतर आहे: बोलीत 'क'चा बऱ्याचदा 'ग' होतो, कहवा गहवा होते. वाचायला पुस्तकी शिका, बोलायला बोली ऐका, आणि खिशात एक छोटं दफ्तर ठेवा. रोज एक पाटी उतरवून घ्या.

माझ्या दफ्तरातली शेवटची नोंद घरभाड्याच्या धनादेशाची आहे. पाच हजार रियाल अक्षरी लिहायचे, तर अरबीत असं लिहितात: 'फकत खम्सत आलाफ रियाल ला गैर'. खम्सत म्हणजे आपला खमस, आलाफ म्हणजे अलफचं अनेकवचन, गैर म्हणजे गैरहजरमधला गैर. 'ला गैर' म्हणजे याहून दुसरं काही नाही. आणि ओळीचा पहिला शब्द आपण मराठी धनादेशावर रकमेच्या शेवटी लिहितो, फक्त.